हिरव्या ठिपक्यापाशी थांबू नका

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या नातवाची मान घासून घासून लाल केली. अकरा वर्षांचं पोरगं. मानेच्या मागं काळा पट्टा दिसायला लागला होता. मळ बसलाय, असं मी ठरवून टाकलं. बेसन लावलं, लिंबू चोळलं. पोरगं कळवळून म्हणालं, "आज्जी, बास की!" आणि मी सुनेकडं बघून म्हटलं, "आंघोळ तरी नीट घालत जा की गं पोराला." ती काही बोलली नाही.

आठ दिवसांनी खोकला झाला म्हणून त्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी छातीला नळी लावायच्या आधी मान बघितली. म्हणाल्या, "हा मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढलं की कातडी अशी काळी आणि जाड पडते. वजन करूया." काट्यावर उभा केला. उंचीच्या मानानं पंधरा किलो जास्त भरला. "खातो काय हा?" असं त्यांनी विचारलं. सूनबाईनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "आमच्या घरात सगळं शुद्ध असतं हो. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, सूर्य बुडाला की जेवण नाही." डॉक्टरीणबाईंनी पोरालाच विचारलं, "आणि घराबाहेर?" त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. मधल्या सुट्टीत वेफर्सचं पाकीट. शाळा सुटल्यावर क्रीमची बिस्किटं. ट्यूशनला जाताना थंड पेयाची छोटी बाटली. आणि रविवारी पाठशाळेत चॉकलेट. "ते आज्जीच वाटती," असंही सांगितलं.

खरं होतं. मंदिरातल्या पाठशाळेत श्लोक पाठ म्हणणाऱ्या मुलांना दर रविवारी चॉकलेट मीच वाटत होते. घरी आल्यावर सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे की आई." पण असू देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

मूल जाड झालं की पहिलं बोट आईकडं जातं. लाड केले, डबा दिला नाही, मोबाईल हातात देऊन जेवायला घातलं. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, शाळेतल्या बाई म्हणतात. आता एक आकडा बघा. ५ ते १९ या वयातली लठ्ठ मुलं आपल्या देशात १९९० साली सुमारे चार लाख होती. २०२२ साली ती सव्वा कोटी झाली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली हे आकडे छापून आले. बत्तीस वर्षांत तीस पट. या बत्तीस वर्षांत देशातल्या आया तीस पट आळशी झाल्या का? तीस पट लाडावल्या का? माझ्या वेळेला मी काय फार मोठी शिस्तीची आई होते? माझी पोरं सडसडीत राहिली, कारण शाळेच्या फाटकापाशी तेव्हा चिंचा, बोरं आणि पेरूच्या फोडी मिळायच्या, आणि संध्याकाळी खेळायला मोकळी जागा होती. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

बदललं ते घराबाहेरचं. पाच रुपयांत, दहा रुपयांत मिळेल एवढं लहान पाकीट करून ते गल्लीतल्या शेवटच्या दुकानापर्यंत पोचवलं गेलं. दुकानाच्या दारात पाकिटांच्या माळा अशा टांगल्या जातात की पहिलीतल्या मुलाच्याही डोळ्यांसमोर याव्यात. वर कार्टूनचं चित्र, आत स्टिकर नाहीतर खेळणं. हे सगळं ठरवून, हिशेब करून केलेलं असतं. एका बाजूला कोट्यवधी रुपयांची जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला माझी एकटी सून, हातात पोळी-भाजीचा डबा घेऊन. या कुस्तीत हरल्याबद्दल आपण तिलाच बोल लावतो. सरकारनं पंचाचं काम करायला हवं होतं, ते कुठं आहे हे कुणी विचारत नाही.

इथं काहीजणी म्हणतील, "अहो, आपल्या जिल्ह्यात पोरं अजून हडकुळी आहेत, आणि तुम्ही जाडेपणाचं काय घेऊन बसलात? श्रीमंतांचं दुखणं ते." हा प्रश्न रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. जादा वजनाची निघाली ३.४ टक्के. पण त्याआधीच्या पाहणीत तीच २.१ टक्के होती. आणि हे दोन वेगळे देश नाहीत. आमच्याकडं भांडी घासायला येणारी बाई पहाटे पाचला घर सोडते. तिच्या पोराच्या हातावर पाच रुपये ठेवलेले असतात, सकाळच्या खाण्याचे. पाच रुपयांत केळं मिळेलच असं नाही, पाकीट हमखास मिळतं. त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला लागत नाही. जे मूल पाचव्या वर्षी खुजं होतं, तेच बाराव्या वर्षी पोटाळू होऊ शकतं. खरं अन्न महाग आणि लांब, खोटं अन्न स्वस्त आणि दारात, या एकाच कारणातनं दोन्ही दुखणी येतात.

आता आपल्या समाजाकडं वळते. मला माहीत आहे, इथं काहींना राग येणार आहे.

काही वर्षांपूर्वी कर्नाटक सरकारनं शाळेत मुलांना अंडं द्यायचं ठरवलं. ज्यांना नको त्यांना केळं किंवा चिक्की मिळणार होती, तरी आपल्यातनं केवढा विरोध झाला! निवेदनं निघाली, सह्या गोळा झाल्या. मीही सही केली. अंड्याचा वाद मी आज उकरून काढत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. शाळेत आपल्या मुलांच्या तोंडात काय पडतं याची आपल्याला एवढी काळजी आहे, निवेदन घेऊन कचेरीत कसं जायचं हे आपल्याला चांगलं येतं, मग त्याच शाळेच्या फाटकापाशी टांगलेल्या माळांबद्दल आपण एकदा तरी कुठं गेलो का? गेलो नाही. कारण त्या पाकिटांवर हिरवा ठिपका आहे.

हिरवा ठिपका म्हणजे आपल्याला निर्धास्त करणारी खूण. प्रवासात, परगावी, अनोळखी दुकानात आपण पाकीट उचलतो, चौकोनातला हिरवा ठिपका बघतो आणि पिशवीत टाकतो. पण तो ठिपका फक्त एवढंच सांगतो की आत प्राणिज काही नाही, दूध, मध असे काही पदार्थ सोडून. आत साखर किती, मीठ किती, तेल कसलं, हे तो सांगत नाही. आपण मात्र 'शाकाहारी' म्हणजे 'चांगलं' असं समजून बसलोय.

आणि आपल्या शास्त्रात काय आहे? बाह्य तपांत रसपरित्याग सांगितलाय. दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ यांतला एकेक रस सोडायला आपण पर्वात शिकतो. माझ्या सासूबाई दशलक्षणात कधी मिठाचा त्याग करायच्या, कधी साखरेचा. आजचे डॉक्टर ज्या तीन गोष्टींची नावं घेतात, साखर, मीठ आणि स्निग्ध पदार्थ, त्या तिन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे भक्ष्य असलेल्या पदार्थालाही प्रमाण असतं, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. तरी आपण पोराला पाठशाळेत रसपरित्याग पाठ करायला लावतो आणि पाठ झाला म्हणून चॉकलेट देतो! कुठं याला खाऊ म्हणतात, कुठं प्रभावना.

पण केवळ त्याग शिकवून हे भागणार नाही. "संस्कार असले की मूल बाहेरचं खात नाही," असं म्हणणाऱ्यांना माझा एक सवाल आहे. हिरवा ठिपका कायद्यानं का लागला? संस्कार पुरेसे होते, तर पाकिटावर खूण कशाला हवी होती? कारण आत काय आहे हे बाहेरनं कळल्याशिवाय संस्कारवाला माणूसही चुकतो. म्हणून २००१ साली अन्नभेसळीच्या नियमांत बदल झाला आणि शाकाहारी-मांसाहारी खुणा सक्तीच्या झाल्या. तेव्हा कंपन्या बुडाल्या नाहीत. ज्या सरकारला हा ठिपका लावता आला, त्याला "यात साखर फार आहे" अशी दुसरी खूण लावता येत नाही, हे मी मानणार नाही.

दुसऱ्या देशांनी ती लावलीय. चिलीत गीदो जिरार्दी नावाच्या डॉक्टर-सेनेटरनं २००७ साली हा विषय संसदेत आणला. कायदा व्हायला २०१२ उजाडलं आणि अंमल सुरू व्हायला २०१६. तिथं साखर, मीठ, संपृक्त स्निग्ध पदार्थ किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असतील, तर पाकिटाच्या दर्शनी भागावर काळी अष्टकोनी खूण छापावीच लागते. ज्यावर ती खूण, त्यावर कार्टून नाही, आत खेळणं नाही, शाळेत विक्री नाही. पुढं टीव्हीवर सकाळी ६ ते रात्री १० जाहिरातही बंद झाली. एकच खूण आणि सगळी कामं तिच्यावर चालतात. कायदा आल्यावर तिथं अशा गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी उतरली. तिथल्या आया काय एका रात्रीत सुधारल्या?

आपल्याकडं काय झालं? सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं मसुदा काढला, तो चांदण्यांचा. अर्ध्या चांदणीपासून पाच चांदण्यांपर्यंत. बायांनो, वहीवर बाई चांदणी कधी काढतात? शाबासकी द्यायची असते तेव्हा. अर्धी चांदणी मिळालेलं बिस्किटही मुलाला बक्षीस मिळाल्यासारखंच दिसणार. इशारा द्यायचा तर इशाऱ्यासारखा द्या. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी पुऱ्या करायला सांगितलं. ते तीन महिने कधीच उलटले.

आम्हा बेळगावकरांना ही खूण जरा जास्तच हवी. दुकानाची पाटी कानडीत की मराठीत, यावर आमच्या इथं पिढ्या झगडल्या. पण पोराच्या हातातलं पाकीट उलटं करून बघा. मुंगीएवढ्या अक्षरांत, बहुतेक इंग्रजीत. कायद्यानं इंग्रजी किंवा हिंदी असलं की पुरतं. बाकीच्या भाषा कंपनीच्या मर्जीवर. दुकानाच्या पाटीसाठी घसा कोरडा करणाऱ्या एकाही पुढाऱ्याला या पाठीमागच्या पाटीचं कधी दुःख झालं नाही. काळ्या खुणेला भाषा लागत नाही. ज्या आजीला अक्षर येत नाही तिलाही हिरवा ठिपका कळतोच की.

आता नियम नाहीत असं नाही. २०२० साली त्याच प्राधिकरणानं नियम केला आणि तो १ जुलै २०२१ पासून लागू झाला. साखर, मीठ, वाईट चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत शाळकरी मुलांना विकायचे नाहीत. वाचून मला आनंद झाला. मग मी आमच्या नातवाच्या शाळेच्या फाटकापासून पावलं मोजत गेले. पन्नास मीटर म्हणजे माझी ऐंशी पावलं. तेवढ्यात चार दुकानं आणि दोन गाडे लागले. एका दुकानदारीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आक्का, असला नियम आम्हाला कुणी सांगितलाच नाही. आणि जास्त म्हणजे कुठलं जास्त, मी कसं ओळखू?" त्यांचं बरोबर आहे. पाकिटावर खूणच नाही तर दुकानदार काय ओळखणार आणि तपासणीला येणारा अधिकारी तरी काय बघणार? खुणेशिवाय हा नियम कागदावरच राहतो. म्हणून खूण पहिली.

त्या बाई विधवा आहेत, दोन पोरी शिकताहेत. "तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देता," असं मला कुणी म्हणेल. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. त्यांना पाकिटामागं मिळतात चार-आठ आणे. त्यांना शेंगदाण्याचे लाडू, उकडलेला मका, केळी, ताक विकायला पालिकेनं जागा आणि सवलत द्यावी. दंड करायचा तर आधी शाळेला करा, कंपनीला करा.

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं. चांगलं केलं. पण आपली बहुतेक मराठी शाळांतली पोरं राज्याच्या बोर्डाची, त्यांच्यापर्यंत ते परिपत्रक पोचत नाही. आणि पोचलं तरी, आत फळ्यावर साखरेचे आकडे लिहायचे आणि फाटकाबाहेर तीच साखर विकू द्यायची, यानं मूल शिकतं ते एवढंच, की मोठी माणसं बोलतात एक आणि करतात एक.

मग कराचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, आईस्क्रीम, फरसाण यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. बायकांना वाटलं, चला, स्वस्त झालं. मलाही वाटलं. पण एका हातानं साखरेचा फलक लावायचा आणि दुसऱ्या हातानं साखर स्वस्त करायची, हा कुठला न्याय? सोड्याच्या थंड पेयांवर ४० टक्के कर आहे, हे खरं. पण साखर पाच चमचे असो की एक, कर तेवढाच. मग कंपनीनं साखर का कमी करावी? ब्रिटननं २०१८ मध्ये हे शहाणपणानं केलं. १०० मिलीत ५ ग्रॅमच्या खाली साखर असेल तर कर नाही, ८ ग्रॅमच्या वर गेली तर जास्त. कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा साखर कमी केली. मेक्सिकोनं २०१४ मध्ये लिटरमागं एक पेसो कर बसवला आणि पहिल्याच वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. कराचा पैसा शाळेतल्या जेवणाला आणि पिण्याच्या पाण्याला द्या, म्हणजे गरिबाचं गेलेलं गरिबाकडंच परत येईल.

एक कबूल करते. आपलं घरचं सगळं अमृत आहे असं नाही. आमची धाकटी बहीण इंदूरला दिलीय. तिथं सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव आणि बाजूला जिलेबी. आमच्या बेळगावचा कुंदा तरी काय कमी आहे? शंकरपाळी, चकल्या, तुपातले लाडू, आपणही प्रमाण सोडलंय. पण कुंदा शाळेच्या फाटकाला टांगून पाच रुपयांना मिळत नाही, आणि त्यावर कार्टून नसतं. घरचं आवरणं आपल्या हातात आहे, ते आवरूया. बाहेरचं आवरायला कायदाच लागतो.

आणि एक विनंती. जाड मुलाला 'ढोल्या' म्हणू नका, चारचौघांत वजनावर टाकू नका. लाजून मूल बारीक होत नाही, चोरून खायला शिकतं. आमचा पोरगा पाठशाळेला यायचा बंद झाला होता. का, ते मला फार उशिरा कळलं.

तर करायचं काय? शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत पालकांची समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि सगळ्या सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. आपली नावं त्यात असतात, सह्याही असतात, आपण मात्र बैठकीला जात नाही. जा. ५० मीटरचा नियम इतिवृत्तात लिहून घ्या, पालिकेला आणि जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला पत्र द्या, पोच घ्या. त्याच कायद्यात शाळेला मैदान हवं असंही आहे. ते प्रदर्शनाला, लग्नाला भाड्यानं देत असतील, खेळाचा तास गणिताला जात असेल, तर त्याचाही जाब विचारा. आमदार-खासदार पर्वात मंदिरात येतात, हार घालून घेतात. यंदा हारासोबत निवेदन द्या. पाकिटावर चांदणी नको, इशारा हवा, एवढी एकच ओळ लिहा. अंड्यासाठी जेवढ्या सह्या जमल्या होत्या, तेवढ्या याला जमू देत.

आणि आपल्या हातातलं आजपासून. पाठशाळेत, वाढदिवसाला, पंचकल्याणकाच्या मांडवात मुलांना पाकीट वाटायचं नाही. आमच्या पाठशाळेत गेल्या श्रावणापासून शेंगदाणे-गूळ, नाहीतर एक केळं. पहिले दोन रविवार मुलं कमी आली. तिसऱ्या रविवारी परत आली. आमचाही येतो.

त्याच्या मानेवरचा पट्टा अजून गेलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, वजन उतरलं की फिका पडेल, वेळ लागेल, घासू नका. शाळेच्या समितीची बैठक येत्या महिन्यात आहे. सून सदस्य आहे. या वेळी तिच्याबरोबर मीही जाणार आहे, आणि बोलायचं ते तिलाच बोलू देणार आहे.